हेड इंज्युरीतला कोमा: जीसीएस लिहून झाल्यावर काय तपासायचं

ट्रान्सफरच्या चिठ्ठीवर बहुधा एवढंच असतं: ‘आरटीए, जीसीएस ४, इंट्युबेट करून पाठवत आहोत.’ म्हणजे रस्त्यावरचा अपघात, शुद्ध मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर ४ गुण, श्वासनलिकेत ट्यूब घातलेली. पेशंट पालघर, पनवेल नाहीतर कर्जतकडून निघतो आणि हायवेच्या ट्रॅफिकमधून मुंबईत सायन, केईएम किंवा जेजेला पोचेपर्यंत दोन तास सहज जातात. मधल्या काळात मिडाझोलॅम, फेंटानिल ही गुंगीची औषधं आणि वर स्नायू सैल पाडणारं व्हेक्युरोनियम दिलेलं असतं. म्हणजे कॅज्युअल्टीत आपण तपासायला घेतो तेव्हा हातपाय हलत नाहीत, पापणी मिटत नाही, सक्शनने ट्यूबमधला कफ ओढताना खोकला येत नाही. हे मेंदूमुळे की औषधांमुळे, हे ठरवायला औषधांआधीची तपासणी हाताशी हवी. ती कुणीतरी केलेली असते, पण कागदावर उतरलेली नसते. बाहुल्या किती मिलिमीटरच्या होत्या, टॉर्चला लहान होत होत्या का, याबद्दल एक अक्षर नसतं.

हे टिपण रेसिडेंट, आयसीयूच्या सिस्टर आणि १०८ वर काम करणारे डॉक्टर यांच्यासाठी. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ब्रेनस्टेमचा (मेंदूच्या देठाचा) प्रत्येक रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणारी प्रतिक्रिया, लिहिताना ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘तपासता आला नाही’ असे तीन वेगळे रकाने धरा. तिसरा रकाना दुसऱ्यात ढकलला की पेशंट प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कागदावर खूपच वाईट दिसतो, आणि पुढचे सगळे निर्णय त्या कागदावरून होतात.

ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीस्डेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे जीसीएस, मांडली. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६ गुण. बेरीज ३ ते १५, आणि ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. पन्नास वर्षं टिकली, कारण कुठल्याही वॉर्डात कुणालाही वापरता येते. पण ट्यूब घातली की बोलणं तपासता येत नाही. चेहऱ्याला मार असेल तर पापण्या सुजून मिटलेल्या असतात, म्हणजे डोळ्यांचे गुणही गेले. उरली फक्त हालचाल. समजा दोन पेशंट आहेत, दोघंही दुखवल्यावर हात ताठ करून आत वळवतात, दोघांचा आकडा सारखाच. एकाच्या बाहुल्या ३ मिलिमीटर आणि चपळ, दुसऱ्याची उजवी ६ मिलिमीटर आणि स्थिर. दुसऱ्याला पुढच्या काही मिनिटांत सीटी आणि ऑपरेशन थिएटर लागणार आहे. बेरजेत हे कुठेच दिसत नाही.

ही उणीव बऱ्याच जणांनी भरून काढायचा प्रयत्न केला. बेल्जियममधल्या लीएजच्या गटाने १९८० च्या दशकात ग्लासगो स्केलला पाच ब्रेनस्टेम रिफ्लेक्स जोडले आणि त्यांना ० ते ५ गुण दिले. एकूण बेरीज ३ ते २०. मेयो क्लिनिकच्या एल्को वाइडिक्स यांच्या गटाने २००५ साली फोर स्कोअर आणला. त्यात डोळे, हालचाल, ब्रेनस्टेम आणि श्वास या चारांना प्रत्येकी ० ते ४ गुण. बोलण्याचा भागच नाही, त्यामुळे ट्यूबवरच्या पेशंटला तो सोयीचा पडतो. २०१८ साली खुद्द टीस्डेल यांच्या सहभागाने जीसीएस-पी आली: जीसीएसमधून प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या बाहुल्यांची संख्या वजा करायची, म्हणजे सर्वांत खालचा आकडा १. आपल्याकडच्या गर्दीच्या वॉर्डात मला ही शेवटचीच सर्वांत व्यवहारी वाटते. मात्र कुठलीही स्केल वापरली तरी गुणांआधी मूळ निरीक्षण लिहायला हवं, कारण गुणांवरून निरीक्षण परत काढता येत नाही.

तपासायच्या आधी थोडी झाडाझडती. ब्लड प्रेशर पडलेलं असेल, ऑक्सिजन कमी असेल, तर त्या अवस्थेतल्या बाहुल्यांवरून भविष्य सांगू नये. आधी रिससिटेशन, मग पुन्हा टॉर्च. शुगर बोटातून लगेच बघा. दारूचा वास येतोय म्हणून ‘प्यायलाय, उतरेल’ असं म्हणत सीटी लांबवणं ही नेहमीची घोडचूक. दारू पिऊन बाईकवरून पडलेल्या माणसाच्या कवटीत एक्स्ट्राड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाबाहेर साचलेलं रक्त, असू शकतं, आणि वास त्याला आणि नुसत्या प्यायलेल्याला तोच येतो. दिलेलं प्रत्येक औषध वेळेसकट लिहा. मसल रिलॅक्संट चालू असेल तर ट्रेन-ऑफ-फोर (नर्व्हला विजेचे चार छोटे झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद बघण्याची चाचणी) लावून स्नायू मोकळे झाल्याची खात्री करा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. व्हेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियमने शरीरातला प्रत्येक ऐच्छिक स्नायू गप्प होतो, पण बाहुली आकुंचित करणारा स्नायू अनैच्छिक आहे आणि त्याचे रिसेप्टर वेगळे आहेत. तो चालू राहतो. पूर्ण पॅरलाइज केलेल्या पेशंटमध्ये खाटेजवळ उभं राहून तपासता येणारा, रोजच्या वापरातला एकमेव ब्रेनस्टेम रिफ्लेक्स म्हणजे बाहुलीचा. म्हणून ‘रिलॅक्संटवर आहे, तपासण्यात अर्थ नाही’ हे वाक्य बाहुलीबाबत चुकीचं, रोजच्या बाकी रिफ्लेक्सबाबत बरोबर.

बाहुली तपासताना खोलीतला उजेड कमी करा. निदान पेशंटच्या डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा. आधी टॉर्च न मारता दोन्ही बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये लिहा. बऱ्याच पेन-टॉर्चच्या अंगावर मापाची वर्तुळं छापलेली असतात, ती डोळ्याच्या बाजूला धरायची. मग टॉर्च बाजूने आणा. सरळ समोरून आणू नका. त्या डोळ्यात काय होतं ते बघा आणि त्याच वेळी दुसऱ्या डोळ्यातही बघा. अर्धा मिनिट थांबून दुसरी बाजू. मोबाइलचा फ्लॅश पसरट असतो, तो एकाच वेळी दोन्ही डोळ्यांत जातो आणि कोणत्या डोळ्याने काय केलं ते कळत नाही. आडवेळी तोच हाताशी असेल तर दुसऱ्या डोळ्यावर तळहात धरा. बॅटरी उतरलेल्या टॉर्चमुळे ‘फिक्स्ड’ ठरलेल्या बाहुल्या अधूनमधून चांगली टॉर्च आणली की हलायला लागतात. भिंग घेऊन बघितलं तर अर्ध्या मिलिमीटरचं आकुंचनही दिसतं. काही आयसीयूंत प्युपिलोमीटर (बाहुलीचा प्रतिसाद मोजणारी यंत्रं) आलेत; ते ० ते ५ असा निर्देशांक देतात आणि ३ च्या खाली गेला की प्रतिसाद मंद समजायचा. नसेल तरी अडत नाही.

प्रकाशाची खबर दुसऱ्या क्रेनिअल नर्व्हमधून (थेट मेंदूशी जोडलेल्या नसांपैकी दुसरीतून) आत जाते आणि मिडब्रेनमधून, म्हणजे ब्रेनस्टेमच्या वरच्या भागातून, तिसऱ्या नर्व्हने आकुंचनाचा आदेश बाहेर येतो. आकुंचनाचे तंतू तिसऱ्या नर्व्हच्या पृष्ठभागावर असतात. रक्ताच्या गाठीने टेम्पोरल लोबचा आतला काठ टेंटोरियमच्या (मोठ्या मेंदूखालच्या पडद्याच्या) कडेवरून खाली ढकलला, की दाबाचा पहिला फटका याच तंतूंना बसतो. म्हणून डोळा बाहेर वळण्याआधी, पापणी पडण्याआधी बाहुली मोठी होते आणि मंद पडते, बहुतेक वेळा गाठीच्याच बाजूची. दोन्ही बाजूंत १ मिलिमीटरहून जास्त फरक आणि सोबत शुद्ध खालावत असेल तर थांबायचं नाही. डोकं ३० अंश वर, मान सरळ, ट्यूबची दोरी मानेला आवळत नाही ना ते बघा. ब्लड प्रेशर चांगलं असेल तर कवटीतला दाब उतरवणारं मॅनिटॉल २० टक्के, किलोमागे ०.२५ ते १ ग्रॅम. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका बाटलीने जेमतेम सुरुवातीचा डोस होतो. प्रेशर पडलेलं असेल तर मॅनिटॉल नको, हायपरटॉनिक सलाइन. आणि न्यूरोसर्जनला फोन सीटीच्या रिपोर्टची वाट न बघता.

फसवणाऱ्या बाहुल्याही बऱ्याच. डोळ्यावर थेट मार लागला की आयरिसचा स्नायू फाटतो आणि बाहुली मोठी, वेडीवाकडी, स्थिर होते. तिचा मेंदूशी संबंध नसतो. ऑप्टिक नर्व्ह तुटली असेल तर त्या डोळ्यात टॉर्च मारल्यावर काही होत नाही, पण दुसऱ्या डोळ्यात मारल्यावर दोन्ही बाहुल्या लहान होतात. म्हणून दुसरा डोळा बघायचा. मोतीबिंदूचं जुनं ऑपरेशन आणि काचेचा डोळा यांबद्दल नातेवाइकांना विचारा. आयसीयूतला खास सापळा म्हणजे इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशन: मास्क सैल असेल तर वाफ एका डोळ्यात जाते आणि ती बाहुली तासन्‌तास मोठी राहते. फंडस (डोळ्याच्या आतला मागचा भाग) बघण्यासाठी कुणी ट्रॉपिकामाइड टाकलं असेल तर तेच. हेड इंज्युरीत पहिल्या काही दिवसांत बाहुल्या वाढवणारे थेंब टाकूच नयेत, आणि टाकलेच तर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावं. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या म्हणजे पॉन्समधला (ब्रेनस्टेमच्या मधल्या भागातला) रक्तस्राव, अफूवर्गीय औषधं किंवा कीटकनाशक. शेतावरून आलेल्या, ‘पडला’ एवढाच इतिहास असलेल्या माणसात तिसरी शक्यता विसरू नका. शेवटचा सापळा उलट्या बाजूचा: कधी मोठी बाहुली निरोगी असते आणि लहान असलेलीच आजारी. मानेला मार, त्या बाजूची पापणी किंचित खाली, अंधारात बाहुली मोठी होत नाही. तेव्हा कॅरोटिडला (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला) इजा झाली आहे का ते बघायला हवं.

कॉर्नियाचा रिफ्लेक्स एक पायरी खाली, पॉन्समधला. पाचव्या नर्व्हने आत, सातव्या नर्व्हने बाहेर. कापसाची पातळ वात करून बाजूने आणायची आणि कॉर्नियाला टेकवायची, पांढऱ्या भागाला नाही. दिवसातून अनेकदा वात लावली तर कॉर्नियाला ओरखडे पडतात. रोजच्या तपासणीत १०-१५ सेंटिमीटरवरून निर्जंतुक सलाइनचे दोन-तीन थेंब सोडले तरी काम होतं. दोन्ही पापण्या बघा. त्याच बाजूची मिटत नाही पण समोरची मिटते, याचा अर्थ संवेदना पोचते आहे, अडचण त्या बाजूच्या फेशिअल, म्हणजे सातव्या, नर्व्हमध्ये आहे. टेम्पोरल बोनच्या (कानाजवळच्या हाडाच्या) फ्रॅक्चरमध्ये असं होतं. कॉन्टॅक्ट लेन्स आणि सुजलेल्या पापण्या असतील तर ‘तपासता आला नाही’.

डोळ्यांच्या हालचालींपाशी मात्र हात आखडता घ्यायला हवा. डोकं झटकन एका बाजूला वळवलं की ब्रेनस्टेम शाबूत असलेल्या बेशुद्ध माणसाचे डोळे उलट दिशेला सरकतात; तो निकामी असेल तर डोळे डोक्यासोबतच फिरतात. तपासणी सोपी, पण गंभीर हेड इंज्युरीसोबत मानेच्या मणक्याची इजा पुष्कळदा असते. लोकलमधून पडलेला, खांबाला धडकलेला, दहीहंडीच्या वरच्या थरावरून डोक्यावर आपटलेला पेशंट मानेची इजा घेऊनच आला आहे असं धरून चालायचं. मानेचा सीटी होऊन वरिष्ठांनी मोकळीक देईपर्यंत कॉलर काढून मान वळवायची नाही, ‘हलकेच’ सुद्धा नाही. आणखी एक विनंती: या तपासणीचा निकाल ‘डॉल्स आय पॉझिटिव्ह’ असा लिहू नका. त्यातून निम्मे लोक एक अर्थ घेतात, निम्मे दुसरा. ‘डोकं उजवीकडे, डोळे डावीकडे पूर्ण सरकले’ एवढं लिहायला पाच सेकंद लागतात.

मान वळवता येत नसेल तर कानात बर्फाचं पाणी. हा जास्त जोरकस रिफ्लेक्स आहे. मान वळवून डोळे हलले नाहीत तरी पाण्याने हलू शकतात. आधी ऑटोस्कोपने कान बघा. पडदा फाटलेला, कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल तर त्या कानात पाणी घालायचं नाही, कारण कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरमधून संसर्ग थेट आत जातो. हेड इंज्युरीत निदान एक कान तरी असा निघण्याची शक्यता बरीच. कान मळाने भरलेला असेल तर पाणी आत पोचत नाही आणि रिफ्लेक्स उगाच ‘नाही’ ठरतो. डोकं ३० अंश वर, म्हणजे कानातली आडवी नलिका उभी होते. खांद्याखाली किडनी ट्रे, सिरिंजला मऊ ट्यूब, ५० मिलिलिटर बर्फाचं पाणी साधारण एका मिनिटात. पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत असले पाहिजेत; फ्रिजमधल्या बाटलीचं पाणी नुसतं गार असतं. कुणीतरी दोन्ही पापण्या उघड्या धरायच्या आणि मिनिटभर बघायचं. ब्रेनस्टेम चालू असेल तर दोन्ही डोळे हळूहळू पाणी घातलेल्या कानाकडे वळून तिथेच राहतात. झटके मारत उलट दिशेला परतत असतील तर पेशंट आपण समजतो तेवढा बेशुद्ध नाही. एकच डोळा वळला, दुसरा नाकाकडे आला नाही, तर तिसऱ्या नर्व्हची किंवा ब्रेनस्टेममधल्या जोडणीची इजा. त्या डोळ्याची बाहुलीही मोठी असेल तर तिसरी नर्व्हच. दुसऱ्या कानाआधी ५ मिनिटं थांबा. फेनिटॉइनचा लोडिंग डोस, जेंटामायसिन किंवा अमिकासिन, झोपेची औषधं यांनी हा रिफ्लेक्स मंद पडतो. आपल्याकडे हेड इंज्युरीत फेनिटॉइन जवळपास सगळ्यांनाच मिळतं, तेव्हा त्याची वेळ शेजारी लिहिलेली असावी.

लीएजच्या स्केलमधले दोन रिफ्लेक्स आपल्याकडे फारसे कुणी करत नाही. भुवयांच्या मध्ये बोटाने टकटक केल्यावर पापण्या मिटतात, तो सर्वांत वरच्या पातळीचा. फुकट आणि निरुपद्रवी आहे, करायला हरकत नाही. नेत्रगोलांवर दाब देऊन नाडी मंदावते का बघायचं, तो सर्वांत खालचा. डोळ्यालाच मार लागलेला असण्याची शक्यता असताना तो करू नये असं माझं मत.

खोकल्यासाठी वेगळा कार्यक्रम नको. ठरलेल्या सक्शनच्या वेळीच बघा. कॅथेटरची जाडी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको: ८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंच. आधी १०० टक्के ऑक्सिजन, कॅथेटर कॅरिनापर्यंत (श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत), आणि १० सेकंदांत बाहेर, कारण खोकल्याने कवटीतला दाब चढतो. ट्यूब नुसती हलवून ‘खोकला नाही’ लिहिणं पुरेसं नाही. श्वासासाठी व्हेंटिलेटरच्या स्क्रीनवर बघा: ठरवलेल्या दरापेक्षा पेशंट स्वतःचे श्वास घेतो का. मात्र सर्किटमधलं पाणी, गळका कफ किंवा नुसत्या हृदयाच्या ठोक्यानेही मशीन ट्रिगर होतं, तेव्हा छाती उठते का ते डोळ्यांनी बघा. प्रेशर चढतंय, नाडी मंदावतेय, श्वास अनियमित होतोय, हे त्रिकूट दिसलं म्हणजे उशीर झालेला आहे.

हालचालीबद्दल एक इशारा. मानेतला स्पायनल कॉर्ड तुटला असेल तर हातपाय हलणार नाहीत, खोकला दुबळा, श्वासही जाईल. मेंदू मात्र ठीक असू शकतो. म्हणून फक्त नखावर पेन दाबून थांबू नका. भुवईच्या हाडाच्या खाचेवर दाब द्या आणि चेहरा आक्रसतो का बघा. छातीच्या हाडावर मुठी रगडणं बंद करा, नुसते काळेनिळे डाग पडतात. आणि पॉन्सच्या पुढच्या भागाला इजा झालेला माणूस पूर्ण जागा असून फक्त डोळे वर-खाली करू शकतो. प्रत्येक तपासणीआधी कानाशी मोठ्याने सांगा, ‘डोळे उघडा, वर बघा, खाली बघा’, आणि त्याला कळेल त्या भाषेत सांगा. मुंबईत ती मराठी असेलच असं नाही. वॉर्डात भोजपुरी, गुजराती, तमिळ बोलणारं कुणीतरी सापडतंच, किंवा नातेवाइकाला बोलवा.

दाब वरून खाली सरकतो तेव्हा रिफ्लेक्सही त्याच क्रमाने जातात: आधी बाहुल्या, मग कॉर्निया आणि डोळ्यांच्या हालचाली, शेवटी खोकला आणि श्वास. निरीक्षणं याच क्रमाने लिहिली की दोन तपासण्यांच्या मधल्या काळात पेशंट किती पायऱ्या उतरला किंवा चढला ते एका नजरेत कळतं. क्रम मोडलेला दिसला तर तीही खबर आहे. बाहुल्या चांगल्या पण श्वास अडखळतोय, तर पोस्टीरियर फोसामधली (कवटीच्या तळाच्या मागच्या कप्प्यातली) गाठ शोधा. तिथे जागा इतकी कमी की पेशंटचा श्वास बाहुल्या बदलायच्या आधीच थांबू शकतो. आणि बाहुल्या गेल्यात पण खालचं सगळं शाबूत, तर आधी वरच्या फसव्या बाहुल्यांची यादी आठवा.

सगळेच रिफ्लेक्स ‘नाही’ निघाले तरी तेवढ्यावरून कुणी ब्रेनडेड ठरत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, दोन पूर्ण तपासण्या निदान ६ तासांच्या अंतराने, प्रत्येकीत अ‍ॅप्निया टेस्ट (व्हेंटिलेटर काढल्यावर पेशंट स्वतः श्वास घेतो का ते बघणं), आणि नोंद फॉर्म १० वर. त्याआधी कारण माहीत हवं, शरीर गरम हवं, प्रेशर टिकलेलं हवं, झोपेची औषधं आणि रिलॅक्संट उतरलेले हवेत. अ‍ॅप्नियासाठी १० मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर काढून कॅथेटरने श्वासनलिकेत ऑक्सिजन चालू ठेवायचा, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिमी पाऱ्याच्या वर जाईपर्यंत छाती-पोट उघडं ठेवून बघत राहायचं. हे कायद्याचं काम आहे आणि त्यात ‘तपासता आला नाही’ला जागा नाही. एक कान पडदा फाटल्यामुळे तपासता आला नसेल, चेहऱ्याच्या फ्रॅक्चरमुळे कॉर्निया बघता आला नसेल, तर मंडळासमोर ते आधीच मांडा. कोऱ्या चौकटीत सवयीने ‘नाही’ लिहून टाकू नका.

नातेवाइकांशी बोलताना हाच फरक कामी येतो. ‘डोळ्यांत टॉर्च मारल्यावर उजवी बाहुली हलत नाही, डावी हलते. खोकला आहे. हातपाय औषधामुळे आत्ता कळत नाहीत, संध्याकाळी औषध थांबवून पुन्हा बघू.’ सहा वाजता बघू म्हटलं असेल तर सहाला बघा, आणि बाहेर येऊन सांगा.